बेहड्यावरच्या ढोलीचं खरेदीखत

एका जंगलात, म्हणजे जंगल म्हणावं इतकी झाडं जिथे अजून शिल्लक होती अशा एका जागी, गुणाजी नावाचा धनेश पक्षी राहत होता. बालमित्रांनो, 'राहत होता' हे मी सवयीने म्हणालो. त्याला राहायला जागा नव्हती, हीच तर गोष्ट आहे.

गुणाजीच्या बायकोचं नाव मथू. पळस फुलला तशी ती म्हणाली, "अहो, मला पंधरा-वीस दिवसांत अंडं घालायचंय. ढोली बघा."

धनेशांची रीत तुम्हाला माहीत नसेल. त्यांच्यात बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि आतून चिखलाने दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नवऱ्याने त्या फटीतून तिला उंबरं भरवायची. पिल्लू मोठं होईपर्यंत ती बाहेर येत नाही, कोणीही बोलावलं तरी येत नाही. ढोली वेळेवर मिळाली नाही तर अंडं उघड्यावर पडतं, आणि उघड्यावरच्या अंड्याचं काय होतं ते सापाला चांगलं ठाऊक असतं.

तशी ढोली लगेच मिळाली. नदीकाठच्या जुन्या बेहड्यावर अण्णा घुबडांची ढोली होती. पूर्वेला तोंड, आत ऐसपैस, शेजार शांत. अण्णांना नदीपलीकडे मुलीकडे राहायला जायचं होतं.

"टोपलीभर उंबरं विसार म्हणून दे," अण्णा म्हणाले, "आणि उद्या राहायला ये. कागदाचं मागाहून बघू."

अण्णा उंबरं खात नाहीत. पण विसार घ्यायचा असतो, म्हणून त्यांनी घेतला.

गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही खेळायला गेला असता. पण गुणाजी चार ठिकाणी उठबस असलेला धनेश होता. तो म्हणाला, "अण्णा, राग मानू नका. टायटल क्लिअर आहे ना?"

"म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं.

गुणाजीलाही ते नीट माहीत नव्हतं. म्हणून दोघं साळिंदर वकिलांकडे गेले.

वकिलांच्या पाठीवर शेकडो काटे होते. प्रत्येक अशिलासाठी ते एक काटा उपटत आणि त्यानेच लिहीत. उपटताना असा चेहरा करत की अशिलालाच अपराधी वाटे.

"साहेब, टायटल म्हणजे काय?" गुणाजीने विचारलं.

"ढोली कोणाची आहे ते."

"अण्णांची आहे."

"असं अण्णा म्हणतात," वकील म्हणाले आणि त्यांनी अण्णांकडे पाहिलं. दिवसाची वेळ असल्यामुळे अण्णा झोपले होते. "तीस वर्षांचा शोध घ्यावा लागेल. अण्णांच्या आधी कोण, त्याच्या आधी कोण."

"किती दिवस लागतील?"

"पंधरा दिवस."

"म्हणजे पंधरा दिवसांत ढोली आमची?"

"पंधरा दिवसांत, किती दिवस लागतील ते कळेल."

हे प्रश्न तुम्हीही मोठे झालात की विचाराल. उत्तरं हीच मिळतील, आत्ताच पाठ करून ठेवा.

"आणि खरेदी बाईंच्या नावावर करा," वकील म्हणाले. "मुद्रांकाला सूट मिळते."

सूट म्हटल्यावर गुणाजीची मान ताठ झाली. घरी, म्हणजे एका फांदीवर, येऊन त्याने मथूला सांगितलं, "ढोली तुझ्या नावावर घेतोय हं."

"नावावर नंतर घ्या," मथू म्हणाली. "आधी मला आत जाऊ द्या."

"अगं, सगळं रीतसर होऊ दे."

वकिलांनी जाहीर नोटीस दिली. ती घेऊन टिटवी जंगलभर ओरडत फिरली. बेहड्यावरील ढोलीवर कोणाचा हक्क, हितसंबंध, वारसा, वहिवाट वगैरे असल्यास चौदा दिवसांत कळवावे, न कळवल्यास तो सोडून दिला असे समजण्यात येईल.

आता, तुमचा हक्क असेल तर सांगा नाहीतर गेला, असं कोणी तुम्हाला म्हणालं तर तुम्ही काय कराल? जंगलानेही तेच केलं. एका वानराने कळवलं की त्याचे आजोबा मोहाची फुलं खाऊन एकदा त्या ढोलीत डोकं घालून झोपले होते, सबब वहिवाट. एक वटवाघूळ म्हणालं की त्याच्या आतेभावाचं अर्धं कुटुंब तिथे लटकत असे, बाकीचं अर्धं कुठे लटकायचं ते त्याला आठवत नव्हतं. वकिलांनी सगळ्यांना मानाने बसवलं आणि एकेकाकडून हक्क सोडल्याचं लिहून घ्यायला सुरुवात केली. गुणाजी प्रत्येकाच्या चहापाण्याचं बघत होता.

बाराव्या दिवशी वाळवी आली.

"आमचा हक्क काही नाही," वाळवी म्हणाली. "आम्ही आठ वर्षं त्या बेहड्याच्या बुंध्यात आहोत. खाणं चालू आहे. चैत्र अखेरपर्यंत झाड उभं राहील, पुढचं सांगता येत नाही. एवढंच कळवायचं होतं."

वकिलांनी काटा थांबवला. "ढोलीवर दावा आहे का तुमचा?"

"नाही."

"मग ही हरकत होत नाही. नोटीस टायटलबद्दल आहे. झाडाबद्दल नाही." आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : वाळवी, हरकत नाही.

गुणाजी तिथेच बसला होता. त्याला वाळवी फार सभ्य वाटली. इतक्या जणांत ती एकटीच काही मागत नव्हती.

शोध घेत घेत वकील तीस वर्षं मागे गेले, तिथे त्यांना सुतार पक्षी सापडला. ती ढोली मुळात त्यानेच खोदली होती. मला हा सुतार आवडतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे पक्षपात केला असं वाटायला नको.

"हो, मीच खोदली," सुतार म्हणाला. "मोठी झाली, म्हणून सोडून दिली. का हो?"

"ती विकली जातेय," गुणाजीने सांगितलं.

"विकतात होय?" सुताराला नवल वाटलं. "तुम्हाला ढोली हवी असेल तर दुसरी करून देतो की. पलीकडची काटेसावर मऊ आहे. तीन दिवस लागतील."

गुणाजीने आशेने वकिलांकडे पाहिलं.

"नव्या ढोलीला तीस वर्षांचा इतिहास आहे?" वकिलांनी विचारलं.

"तीन दिवसांचा असेल," सुतार म्हणाला.

"मग मी शोध कशाचा घेऊ?"

हे गुणाजीला पटलं. संध्याकाळी त्याने मथूला ही हकिकत हसत हसत सांगितली. सुतार कसा अडाणी, तीन दिवसांत ढोली देतो म्हणे, ना नोटीस, ना दस्त.

मथू हसली नाही. तिला पोटात जड वाटत होतं आणि तिला भीती वाटत होती. ती म्हणाली, "कुठे राहतो हा सुतार?"

चौथ्या दिवशी ती काटेसावरीच्या ढोलीत शिरली आणि तिने आतून दार लिंपून घेतलं.

गुणाजी म्हणाला, "ठीक आहे, तात्पुरतं." आणि तो उंबरं आणून द्यायला लागला. त्यात तो कधी चुकला नाही, हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं.

काही दिवसांनी वकिलांचा निरोप आला. खरेदीखत तयार आहे. मथूताईंना निबंधकांसमोर घेऊन या. सही, चोचीचा ठसा आणि फोटो.

गुणाजी फटीपाशी गेला. "मथू, अर्धा तास बाहेर ये."

"अंडं घातलंय," आतून आवाज आला.

 गुणाजीने चोचीतलं सगळ्यात पिकलेलं उंबर आत सरकवलं. मग त्याला आठवलं, मुद्रांक घेऊन झाला होता.

"एक सही आहे गं."

"दार फोडायचं म्हणाल तर आधी तुमचं डोकं फोडीन."

गुणाजी वकिलांकडे गेला. सही पाच वर्षांनी झाली तरी चालेल, पण सूट जायला नको, असं तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"उपाय आहे," वकील म्हणाले. "जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे निबंधक स्वतः जातात. गृहभेट म्हणतात तिला."

निबंधक कासवसाहेब होते. ते त्याच दिवशी निघाले. त्यांच्या कचेरीपासून काटेसावर चाळीस झाडं लांब होती. साहेब वाटेत कुठेही थांबले नाहीत, आणि चैत्राच्या शेवटच्या दिवशी पोचले.

वकील आले. नदीपलीकडून अण्णाही आले, सामान कधीच हलवून झालं होतं त्यांचं. अण्णांनी एक डोळा उघडून सही केली. साहेब बुंध्याशी बसले आणि गुणाजीने कागद वर नेला. मथूने फटीतून चोच काढून ठसा दिला, कागद जरा फाटला. फोटोत चोचीचं टोक तेवढं आलं.

"हीच मथू कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी नवरा आहे तिचा."

"नवऱ्याने ओळखून भागत नाही. दोन साक्षीदार लागतात."

टिटवी आणि आजोबांचा नातू वानर साक्षीदार झाले. साहेबांनी चतुःसीमा वाचून दाखवली. पूर्वेस हवा, पश्चिमेस हवा, दक्षिणेस हवा, उत्तरेस बेहड्याचा उर्वरित भाग. मग शिक्का मारला आणि म्हणाले, "ढोली मथू धनेश यांची झाली. ताबा घ्या."

सगळ्यांनी नदीकाठी पाहिलं. बेहडा हळूच वाकला, जरा थांबला आणि मोठा आवाज करून आडवा झाला. ढोलीचे दोन तुकडे झाले. वाळवी शब्दाला पक्की होती.

  मथू आणि अंडं त्या झाडात असते, एवढं एकच गुणाजीच्या डोक्यात फिरत होतं.

"पाहिलंत?" साळिंदर वकील शांतपणे म्हणाले. "मी घाई केली असती तर काय झालं असतं?"

गुणाजी त्यांच्या पाया पडला. दुसऱ्या दिवशी त्याने वकिलांना दोन टोपल्या उंबरं जास्तीची नेऊन दिली आणि खरेदीखताची नक्कल झावळीत गुंडाळून आणली.

"आणि सुताराला काय दिलंत?" मथूने फटीतून विचारलं.

"त्याने काही मागितलंच नाही," गुणाजी म्हणाला.

जेठात दार फुटलं आणि मथूच्या मागून पिल्लू बाहेर आलं. काटेसावरीच्या फांदीवर बसून त्याने डोळे किलकिले करून सगळीकडे पाहिलं. मग त्याने ढोलीकडे मान वळवली.

"बाबा, हे आपलं घर?"

"छे, हे कुठलं आपलं," गुणाजी म्हणाला. "याला कागद नाही. आपलं घर ते." आणि त्याने नदीकाठी पडलेलं खोड दाखवलं. त्यावर आता अळंबी उगवली होती.

पिल्लाने खोडाकडे पाहिलं. "मग मी इथे का जन्मलो?"

गुणाजीने नक्कल उलगडली आणि त्यात उत्तर शोधू लागला.  मथूने पिल्लाला पंखाखाली घेतलं, आणि सुताराच्या ठोक्यांचा आवाज येत होता त्या दिशेला त्याला उडायला शिकवायला घेऊन गेली.

तात्पर्य : घर घेताना कागद पक्के करून घ्यावेत. घर पडलं तरी ते पडत नाहीत. राहण्याची सोय ज्याने त्याने वेगळी बघावी.