बातम्यांसाठी शर्ट

आमच्या कॉलनीतले सोनवणे डॉक्टर संध्याकाळच्या बातम्या लागायच्या आधी उठून अंगात शर्ट घालायचे. घरात एकटे, दार बंद, उन्हाळा मी म्हणतोय, तरी बनियनवर बसायचे नाहीत. का म्हणून विचारलं तर खाली बघत म्हणायचे, "बातम्या बाई देतात हो. बरं दिसत नाही."

"पण डॉक्टर, तिला तुम्ही कुठे दिसता?"

"ते झालंच. तरी पण कुणी बघेल."

'कुणी बघेल' हा त्यांचा जपच होता. धुतलेला बनियन दोरीवर पंच्याखाली वाळायचा. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली की हे पाणी प्यायला उठायचे, आणि जाहिराती इतक्या की माणसाचं पोट फुगायचं. हा गृहस्थ सर्जन आहे असं सांगितलं की नवखा माणूस हसायचा. भूल दिलेल्या पेशंटचं पोट ते भाजी चिरल्यासारखं शांतपणे उघडायचे. तोच पेशंट शुद्धीवर येऊन शर्टाची बटणं लावायला लागला की हे पाठ फिरवून उभे. मूळचे सटाण्याचे. संकोच फारच वाढला की तोंडातून अहिराणी निघायची, "माले लाज वाटस रे भाऊ."

मी त्यांच्याच हॉस्पिटलात मशिनं सांभाळायचो. मोबाइलवर आलेल्या कॉललासुद्धा पैसे पडायचे, तेव्हाची गोष्ट. हॉस्पिटलनं गच्चीवर उपग्रहाची एक भलीमोठी छत्री बसवली. तिच्या जोरावर लांबच्या गावचा पेशंट इथल्या टीव्हीवर दिसायचा आणि इथला डॉक्टर तिथल्या टीव्हीवर. टेलिमेडिसिन म्हणायचे त्याला. हा टीव्ही खरोखरच दोन्हीकडून बघतो हे मी समजावून सांगितलं, तेव्हा सोनवणे डॉक्टर सावकाश मान हलवत म्हणाले, "मी काय सांगत होतो?" आणि कॉलरचं बटण लावलं.

उद्घाटनानंतर त्या टीव्हीवर धूळच बसायची. मग एका पावसाळ्यात सुरगाण्याकडे नदी गावात शिरली, घाटात दरड आली, रस्ता तुटला. माणसं आश्रमशाळेत आणून ठेवली होती. हेलिकॉप्टरनं तिथे एक नर्स, एक कॅमेरा आणि घडीची छत्री उतरवली. परतीच्या खेपेला एकच आजारी माणूस आडवा मावणार होता. कोणाला आणायचं ते आमच्या टीव्हीवर बघून ठरवायचं, आणि ड्यूटी होती सोनवणे डॉक्टरांची.

आमची खोली गच्च भरलेली. विश्वस्त, विश्वस्तांचे पाहुणे, दोन फोटोग्राफर, चहा-बिस्किटं. मॅच बघायला जमावं तसे जमलो होतो. आधी पाय मोडलेला एक माणूस दाखवला. तो बिचारा कॅमेऱ्याला हात जोडत होता. मग एक बाळंतीण दिसली, भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"हिला ताप आहे," तिकडून नर्स म्हणाली. "बाळाला पाजत नाही. काय दुखतं ते सांगत नाही, मला हात लावू देत नाही."

तिची सासू कॅमेऱ्यापुढे आली. "कशी दावंल ती? लय लाजती. आन् टीवीवर दावायचं म्हंजे अख्खं नाशिक बघंल. बायामाणसाला काय अब्रू हाय का नाय?"

अख्खं नाशिक नव्हतं, पण आमच्या खोलीत होतं तेवढंही पुष्कळ होतं. एकाचं बिस्किट हातातच राहिलं. माझी मान खाली गेली. विश्वस्त घड्याळ बघत म्हणाले, "तो पायवाला घ्या ना. ढग भरून येतायत, हेलिकॉप्टर किती वेळ थांबणार?"

"सगळे बाहेर व्हा," सोनवणे डॉक्टर म्हणाले. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. विश्वस्तांसकट सगळे निमूट बाहेर पडले. मशीन सोडून मला जाता येईना. "तुम्ही भिंतीकडे तोंड करा," मला हुकूम झाला.

मी केलं. पण पुढ्यातल्या कपाटाच्या काचेत डॉक्टरांची पाठ दिसत होती.

"बाई, इथे आता कोणी नाही. मी एक म्हातारा आहे. मीच आधी दाखवतो."

त्यांनी शर्ट काढला. मग बनियनही काढला. बातम्यांच्या बाईपुढे बनियनवर न बसणारा माणूस अंगावर काटा आलेला तसाच उघडा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि आपल्याच छातीवर बोट ठेवत विचारू लागला, "इथे दुखतं? का इथे, बाळ ओढतं तिथे?" आवाज तिकडे पोचायला जरा वेळ लागायचा. तेवढा वेळ ते हललेसुद्धा नाहीत.

"आता गं बया," सासूबाईंचा आवाज आला. "ह्यो डाक्तरच उघडा झाला." तिकडे बायका हसल्या. आणि त्या हसण्यातून एक बारीक आवाज आला, "डावीकडं."

नर्सनं चादरीचा आडोसा केला. डॉक्टरांनी क्षणभर बघितलं. "पू झालाय. ताप अंगात भिनतोय. हिलाच आणा, बाळासकट. पायाला फळी बांधा, तो उद्यापर्यंत थांबेल."

ती आली. ऑपरेशन त्यांनीच केलं, आणि ती वाचली. पण ते पुढचं. टीव्ही बंद झाला तेव्हा डॉक्टर खुर्चीत बसून शर्टाची बटणं लावत होते, आणि एक बटण चुकलं होतं. मी गमतीनं म्हटलं, "काय डॉक्टर, आज चक्क बायकांसमोर?"

ते हसले नाहीत. "माले लाज वाटस रे भाऊ," म्हणाले. "पण ह्याची नाही."

मग खाली बघतच म्हणाले, "आमच्या हिला, मंगलला, तिथेच गाठ होती. वर्षभर पदराआड वागवली तिनं. सर्जनच्या घरात. तिला दाखवायची लाज, मला विचारायची लाज. कळलं तेव्हा कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुणी बघेल, कुणी बघेल करत राहिलो, आणि मीच बघितलं नाही."

मंगलवहिनी गेल्या हे कॉलनीला ठाऊक होतं. कशानं गेल्या हे कोणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळेच सभ्य.

"घरी वहिनींना विचारत जा," डॉक्टर उठत म्हणाले. "काही दुखतंय का म्हणून. त्या 'काही नाही' म्हणतील. मग परत विचारा."

ऑपरेशन उरकलं, आणि संध्याकाळी घरी आलो. समोरच्या घरात बातम्यांची वेळ झाली होती, डॉक्टर शर्ट घालत होते. आमची ही पोळ्या लाटत होती. मी दारातूनच विचारलं, "काही दुखतंबिखतं का गं तुझं?"

"काही नाही," ती म्हणाली.

चपला पायात तशाच होत्या. मी परत विचारलं.

तिनं लाटणं थांबवलं. "आज काय झालंय तुम्हाला?" म्हणाली. मग पोळपाटाकडे बघत, "गुडघा दुखतो हो. दिवाळीपासून."