कमरेला केळं

आमच्या गल्लीत सकाळच्या वेळी एखादे सडपातळ, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ तुमच्यासमोर थांबले, आधी डाव्या अंगाला वळले, मग उजव्या, मग पाठ करून खाली वाकले आणि सरळ होत "दिसलं का?" असं म्हणाले, तर घाबरू नका. "न्हाई" म्हणा आणि चालू लागा. ते आमचे श्रीपतकाका. त्यांच्या कमरेला, सदऱ्याच्या आत, केळं असतं.

"दिसलं" मात्र चुकूनही म्हणू नका. मी नांदेडात नवीन राहायला आले तेव्हा शेजारधर्म म्हणून खरं बोलून बसले. काकांचा चेहरा असा उतरला की जणू मी त्यांच्या खानदानाचीच इज्जत काढली. तसेच ते घरी परतले आणि दुपारभर त्यांच्याकडून शिलाई मशीनचा आवाज येत राहिला.

श्रीपतकाका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. रिटायर झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, नाहीतर भावकीच्या भांडणाला लागतात. काका पिस्तुलाच्या होल्स्टरला लागले. ते त्याला म्यान म्हणतात. म्यान तलवारीचं असतं, असं मी शाळेत शिकवायच्या सवयीनं एकदा सुधारून पाहिलं. "तलवारी गेल्या बाई, म्यान ऱ्हायलं," असं म्हणून त्यांनी मलाच गप्प बसवलं.

हे वेड लागलं एका लग्नात. एक बडे गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, अंगात सफारी, कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर, नवरदेवाच्या आजोबांच्या पाया पडायला वाकले. ते वाकले आणि त्यांच्याआधी रिव्हॉल्व्हरच आजोबांच्या पायाशी जाऊन पडलं. बायका किंचाळल्या, भटजी मंगलाष्टक अर्ध्यात सोडून खांबामागं गेले. काकाही मागं सरकले, इतरांपेक्षा जरा जास्तच सरकले. पण घरी येताना ऑटोत ते सारखे चुकचुकत होते. "हत्याराचं सोडा," ते काकूंना म्हणाले, "म्यान किती भिकार! साधं वाकता येईना माणसाला!"

त्या दिवसापासून त्यांनी तीन नियम केले. दिसू नये, पडू नये, टोचू नये. त्यांचा आवडता शब्द 'बेमालूम'. चांगलं म्यान बेमालूम असतं, वाईट म्यान 'जाहिरात' असतं. बाजारात माझ्याबरोबर चालताना ते लोकांच्या तोंडाकडं बघतच नाहीत, कमरेकडं बघतात. "तो बघा जाकीटवाला. मे महिन्यात जाकीट कामून घातलंय? थंडी वाजून ऱ्हायली काय त्याला? उजवीकडं, मागं, तिरकं. जाहिरात!" मग मी त्यांना ओढत भाजीकडं नेते, कारण जाकीटवाला आमच्याकडं बघायला लागलेला असतो.

आता गंमत अशी की काकांनी पिस्तूल आयुष्यात हातात धरलेलं नाही. घरात झुरळ निघालं तरी ते काकूंना हाक मारतात. म्हणून केळं. तेही अर्धापूरचंच, दुसरं चालत नाही. "पिस्तूल काय, लोखंड हाय. दाबलं तरी गप बसतंय. केळं खरं बोलतं," असं त्यांचं शास्त्र. सकाळी कमरेला लावलेलं केळं संध्याकाळी काढायचं, चष्मा लावून खिडकीशी तपासायचं. कुठं काळा डाग दिसला की म्यान उसवायचं. "म्यानानं दाबायचं नसतं बाई, पेलायचं असतं."

उन्हाळ्यात तर फारच आफत. लातूरच्या बसमध्ये कमरेवरचं केळं दुपारपर्यंत इतकं पिकलं की पुढच्या सीटवरची बाई नाक वर करून सगळ्यांच्या पिशव्या हुंगायला लागली. काकांनी घरी येऊन म्यानाला आतून दुहेरी अस्तर लावलं आणि मध्ये कोळशाची पूड भरली. वास बंद. पुढं माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या मानलेल्या जावयाला, सांगत होते, "वाससुद्धा दिसतो, जावईबापू. नाकाला दिसतो." माझ्या नवऱ्यानं मान डोलावली आणि काकांनी पुढं केलेलं केळं घेतलं. कमरेची केळी तो खात नाही, पण नाही म्हणायचीही त्याची छाती होत नाही.

सुमनकाकूंचं या सगळ्यावर एकच मत होतं. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. पिस्तूल न्हाई, लायसन न्हाई, अन् ह्यांच्या म्यानापायी माझ्या मशीनच्या सुया मोडून ऱ्हायल्या." असं म्हणायच्या आणि मशीनमध्ये नवी सुई घालून ठेवायच्या. पोटी लेकरू नव्हतं. निलंग्याची भाची पल्लवी कॉलेजसाठी यांच्याकडंच राहून शिकली. ती गेल्यावर घरात आवाज राहिला तो दोघांच्या कुरबुरीचा आणि मशीनचा.

एकदाच काकांना खरं गिऱ्हाईक मिळालं. लग्नात फजिती झालेले तेच गुत्तेदार. आले, खुर्चीत बसले आणि मापासाठी रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं. काका उठून थेट स्वयंपाकघराच्या दारात. तिथूनच टेप फेकला आणि म्हणाले, "तुम्हीच मापा." गुत्तेदार म्हणाले, गोळ्या काढल्यात. काका म्हणाले, असू द्या. शेवटी काकू आतून आल्या आणि पोरीबाळींनी कोंबडीचं पिल्लू झाकावं तशी भाजीची दुरडी त्या रिव्हॉल्व्हरवर उपडी घातली. मग चहा झाला.

म्यान मात्र झालं सुरेख. गुत्तेदार वाकले, बसले, मोटारसायकलवर टांग टाकून पाहिली. बिलकुल बेमालूम. काका त्या दिवशी गल्लीभर हसत फिरत होते. आठवड्याभरात गुत्तेदार म्यान घेऊन परत.

"काका, हे कुणालाच दिसून नाही राहिलं!"

"मंग? तेच तर काम हाय त्याचं."

"आवो, पण दिसायलाच नाही तर घालायचं कशाला? लायसनसाठी केवढी वणवण केली मी. लोकं पहिल्यासारखं घाबरून नाहीत राहिले. थोडं तरी दिसू द्या ना. मूठ तरी!"

गुत्तेदार गेल्यावर काका माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, लपवायचं कुणालाच न्हाई. सगळ्यांना दाखवायचंच हाय." हे मात्र त्यांना फार लागलं. केळी चालू राहिली, पण "दिसलं का?" मध्ये पहिला जोर राहिला नाही.

मग काकूंच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण डॉक्टरांनी पोटाच्या बाजूला भोक ठेवून तिथं एक पिशवी चिकटवली. पोटातली घाण त्या पिशवीत जमायची. काही महिने हे असंच राहणार होतं. काकूंनी हे काका सोडून कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण ड्रेसिंगला मी हात लावत होते. घराबाहेर पडणं त्यांनी बंद केलं. आणि त्यातच पल्लवीचं लग्न ठरलं.

त्यांच्या माहेरी नवरीला पहिली हळद मावशीची लागते. पल्लवी फोनवर रडली. "मावशी, तू न्हाई आलीस तर मी हळदीला बसणारच न्हाई." काकूंनी फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. "सगळ्या सोयऱ्यांत कशी जाऊ गं? वास आला तर? साडीतून दिसली तर? लेकराच्या मांडवात माझी शोभा नको." काका दारात उभे होते. त्यांनी नुसतं विचारलं, "वजन किती भरतं पिशवीचं? भरल्यावर?"

दुसऱ्या दिवशी मी भाजी द्यायला गेले तर श्रीपतकाका परकर नेसून, वर काकूंची जुनी साडी गुंडाळून अंगणात उठाबशा काढत होते. कमरेला दवाखान्याची जादा पिशवी, पिशवीत पातळ वरण. फाटकात गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा. त्याला सिलिंडर खाली ठेवायचंही सुचेना. काकांनी त्याच्यासमोर डावं अंग केलं, उजवं केलं, वाकले आणि म्हणाले, "दिसलं का?" तो बिचारा म्हणाला, "काका, दुसरं लई काही दिसलं."

पुढचे दिवस घरात दुसरा विषय नव्हता. कातडं टोचेल म्हणून काकूंचं जुनं मऊ लुगडं घेतलं. पट्टा परकराच्या नाडीवर नको, तिच्या वर हवा, म्हणजे बसताना ओढणार नाही. कोळशाचं अस्तर केळ्यांच्या कृपेनं आयतंच होतं. "दाबायचं न्हाई, पेलायचं," काका सुईत दोरा ओवताना पुटपुटत होते. काकू आधी चिडल्या. म्हणाल्या, "मी काय गुत्तेदार हाय?" मग एका दुपारी उठल्या, ते म्यान लावलं, साडी नेसल्या, पाटावर बसल्या, वाकल्या, उठल्या. मी तिन्ही बाजूंनी बघितलं. खरंच काही दिसत नव्हतं. काकू आरशासमोर उभ्या राहिल्या आणि लेकरासारख्या रडल्या. मलाही राहवलं नाही.

आम्ही गाडी करून निलंग्याला गेलो. मुलाकडचे सीमेपलीकडच्या गावचे, कानडी बोलणारे. आल्यागेल्याला "बर्री, बर्री", म्हणजे या, या, करून बसवत होते. मांडवात एक पाहुणा फोटोसाठी मुद्दाम जाकीट सरकवून कमरेचं पिस्तूल दाखवत होता. मी काकांना कोपरानं खुणावलं. त्यांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मांडवाच्या खांबाला टेकून, एक हात स्वतःच्या सदऱ्यावर, कमरेपाशी दाबून, ते फक्त काकूंकडं बघत होते.

काकू वाकल्या. पल्लवीच्या पायांना हळद लावली, हातांना लावली, गालांना लावली. म्यान जागचं हललं नाही. आणि तेवढ्यात पल्लवीनं हळदीच्या हातांनी मावशीच्या कमरेला घट्ट मिठी मारली.

काकांनी वाकण्याचा विचार केला होता, बसण्याचा केला होता, पायऱ्या चढण्याचाही केला होता. मिठीचा केला नव्हता. पिस्तूल लावलेल्या माणसाला कोण मिठी मारतं?

"मावशी," पल्लवी मोठ्यानं म्हणाली, "कमरेला हे काय बांधलंस गं?"

बायका बघायला लागल्या. काकूंनी दोन्ही हातांनी पदर पुढं ओढला. मी हळदीची वाटी घेऊन मध्ये शिरायला निघाले. तेवढ्यात खांबाजवळून श्रीपतकाका ओरडले, "केळं!"

मांडवातल्या माना वळल्या.

"केळं हाय ते! मीच लावून दिलंय!" असं म्हणत काका बायकांच्या घोळक्यात घुसले, सगळ्या सोयऱ्यांसमोर सदरा वर केला आणि स्वतःच्या कमरेचं केळं उपसून झेंड्यासारखं वर धरलं. "हे बघा! माझ्याकडं पण हाय!"

पल्लवी आधी बघतच राहिली, मग हसत हसत पाटावरून कलंडली. "काका! आता मावशीला पण लावलं का केळं!" निलंग्याच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. कानडी पाहुण्यांना कुणीतरी समजावून सांगितलं, तशी तिकडूनही हसण्याची लाट आली. 'नवरीचे मावसे जरा असेच आहेत' हे दोन्ही घरांत कायमचं ठरून गेलं. काका मध्यभागी केळं धरून उभे. ज्या माणसाला केळं 'दिसलं' म्हटलं तर दिवसभर जेवण जात नव्हतं, तो माणूस. आणि काकू हसत होत्या, डोळे पुसत पुसत. त्यांच्या कमरेकडं परत कुणी पाहिलंसुद्धा नाही.

सगळे जेवायला गेल्यावर दोघं मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसले होते. मी पाणी घेऊन गेले. काका हळूच म्हणाले, "बाई, दिसलं का?"

"न्हाई काका. बिलकुल बेमालूम."

त्यांनी मान हलवली. सवयीनं हातातलं केळं डोळ्यांजवळ नेऊन तपासलं. इतक्या वर्षांत एवढं पिचलेलं केळं मी त्यांच्या हातात पाहिलं नव्हतं. एका अंगानं पार काळं पडलं होतं आणि सालीवर चार बोटं उमटली होती.

काकूंनी ते त्यांच्या हातातून घेतलं, सोललं, अर्धं त्यांना दिलं आणि काळी बाजू स्वतः खाल्ली.