ऑलिव्ह नोलची झालर

माणसाचा सगळ्यात भक्कम विश्वास असतो तो त्याने कधीच न पाहिलेल्या गोष्टींवर. आपल्या घराखाली काय आहे, ही त्यातली पहिली गोष्ट.

कॅलिफोर्नियातल्या सांता लिडिया गावाबाहेर ऑलिव्ह नोल नावाचा मोबाइल होम पार्क आहे. चौसष्ट घरं, आणि वस्ती सगळी पंचावन्नच्या पुढची. मोबाइल होम म्हणजे आयुष्यात एकदाच हलणारं घर. कारखान्यातून ते ट्रकमागे पार्कात येतं, चाकं काढून घेतात आणि सिमेंटच्या ठोकळ्यांच्या किंवा लोखंडी तिकाटण्यांच्या टेकूंवर ठेवतात. दुसऱ्यांदा हलवायला भूकंप लागतो. टेकू दिसायला बरे नसतात, म्हणून घराच्या कडेने जमिनीपर्यंत पत्र्याची झालर लावायची पद्धत आहे. ऑलिव्ह नोलमध्ये झालर बदामी असावी लागे. पिवळसर चालत नसे.

पार्कच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष वेंडेल स्ट्राउड हे निवृत्त विमा-अधिकारी असून अत्यंत कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. दर एप्रिलमध्ये ते प्रत्येक घराच्या टेकूंची तपासणी करत. त्यासाठी तीन कलमी फॉर्म होता: झालर स्वच्छ आहे काय, झालर सरळ आहे काय, झालर बदामी आहे काय. खाली छापलेलंच असे, ‘टेकू समाधानकारक असल्याचे झालरीवरून दिसते.’ झालर उघडून आत पाहण्यास नियम नऊ अन्वये मनाई होती, कारण उघडलेली झालर विद्रूप दिसते. या पद्धतीने अकरा वर्षांत टेकूंमध्ये एकही दोष आढळला नाही. (इतका निर्मळ अहवाल जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याही पार्कचा नव्हता.)

बारा नंबरच्या घरात व्हर्ना टिलमन राहायच्या. वय एकाहत्तर. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे गाडी कुठल्या चाकावर कलते हे त्यांना बसल्या जागी कळे. घराचं मात्र कळलं नाही. ते कळलं केकमुळे. क्लबहाउसच्या सहभोजनासाठी त्यांनी लिंबाचा केक केला, तो एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं असा निघाला. स्ट्राउड यांनी उंच बाजूचा तुकडा घेतला आणि केक मुद्दाम उतरता केला असेल असं समजून कल्पकतेचं कौतुक केलं.

व्हर्नाबाईंनी शेजारच्या डेल्फिनो आरियागाला बोलावलं. त्याचा जन्म घरं समपातळीत आणण्यात गेलेला. आता गुडघे धरले होते, पण सरपटायला गुडघे लागत नाहीत असं त्याचं म्हणणं. झालरीचे दोन पत्रे काढून तो आत शिरला आणि वीस मिनिटांनी कोळिष्टकांसकट बाहेर आला. त्याच्या हातात लाकडाची पाचर होती. ती त्याने बाईंच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटायला सांगितलं. मूठ उघडली तेव्हा आत भुसा होता.

“वाळवी,” तो म्हणाला. “ठोकळे जमिनीवर नुसते ठेवलेत. कशाला काही बांधलेलं नाही. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या टेकूखाली टेलिफोनची डिरेक्टरी आहे.”

“कुठल्या सालची?”

“ब्याण्णवची. म्हणजे बघा व्हर्नाबाई, अख्खं गाव तुमच्या पाठीशी आहे.”

बाई हसल्या, पण त्या रात्री त्यांना झोप आली नाही. घर बसवलं होतं त्यांच्या नवऱ्याने, हार्लनने, बावीस वर्षांपूर्वी. डिरेक्टरी त्याचीच. ‘तात्पुरती सरकवतो, सोमवारी फरशी आणतो,’ असं तो म्हणाल्याचं त्यांना आता आठवलं. त्यानंतर अकराएकशे सोमवार आले, आणि मागच्या साली हार्लन गेला.

डेल्फिनोने उपाय सांगितला: घराच्या पोलादी तुळयांखाली पोलादी आधार बसवायचे, ते तुळयांना बोल्टने आवळायचे आणि जमिनीपासून दोन इंच वर ठेवायचे. भूकंपात टेकू कोलमडले तरी घर त्या आधारांवर थांबतं.

“म्हणजे पडणारच नाही?”

“पडेल. दोन इंच.”

“मग पडलंच की रे.”

“दोन फूट पडलं तर त्याला पडणं म्हणतात. दोन इंचाला बसणं म्हणतात.”

बाईंनी अलास्काची सहल रद्द करून पैसे मोकळे केले आणि समितीकडे परवानगीचा अर्ज केला. समितीने तो सहानुभूतीपूर्वक विचारात घेऊन फेटाळला. कारणं तीन होती. कामासाठी झालर तीन आठवडे काढावी लागेल. तपासणीत टेकू समाधानकारक आढळले आहेत, सबब अर्जदाराने समितीच्या तपासणीवर अविश्वास दाखवला आहे. आणि एकाच घराला आधार बसवले तर उरलेली त्रेसष्ट घरं निराधार आहेत असा गैरसमज पसरेल. (हा गैरसमज वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळणारा असल्यामुळे विशेष घातक होता.)

बाईंनी कागद वाचला, घडी घातली, आणि सोमवारी काम सुरू केलं. माणूस सोमवारची वाट बघत बसला की काय होतं ते त्यांना ठाऊक झालं होतं. राज्याचा शिक्का असलेले आधार आले, डेल्फिनोने बसवणाऱ्यांच्या मागे लागून एकेक बोल्ट तपासून घेतला. जाणारेयेणारे उघड्या घराकडे बघायचे आणि मान वळवायचे, जणू कोणाचा परकर दिसला. चौथ्या दिवशी नोटीस आली: नियम नऊचा भंग, सुनावणी दोन आठवड्यांनी गुरुवारी सकाळी अकरा वाजता, क्लबहाउसमध्ये.

त्या गुरुवारी सकाळी नऊ वीसला भूकंप आला. (इतिवृत्तात ‘नियोजित वेळेपूर्वी’ अशी नोंद आहे.)

व्हर्नाबाई चहा गाळत होत्या. आधी आवाज आला, अवजड ट्रक घराखालून गेल्यासारखा. मग घर डावीकडे ओढलं गेलं, उजवीकडे फेकलं गेलं, कपाटांची दारं उघडून बशा बाहेर आल्या. बाईंनी ओट्याची कड धरली. पायाखाली ठोकळे कोलमडताना त्यांना ऐकू आले, एकामागून एक. आता खाली, असं मनाशी म्हणत त्यांनी डोळे मिटले. घर खाली गेलं, धप्प करून थांबलं, आणि थांबलेलंच राहिलं. बाईंनी डोळे उघडले. त्या बसल्या होत्या, पडल्या नव्हत्या.

बाहेर आल्या तेव्हा पार्क बुटका झाला होता. चौसष्टांपैकी सत्तावन्न घरं टेकूंवरून उतरली होती. बदामी झालरी चुरगळून कागदासारख्या पसरल्या होत्या. कित्येक घरांत लोखंडी तिकाटणी घराचा तळ फोडून वर आली होती. कोणाच्या दिवाणखान्यात, कोणाच्या न्हाणीघरात. लोकांना आपले टेकू प्रथमच पाहायला मिळाले.

सात नंबरमधून गॅसचा वास येत होता. ते स्ट्राउड यांचं घर. सुनावणीसाठी टायला इस्त्री करत असताना घर दोन फूट खाली आलं, दारासमोरचा जिना मात्र जागेवर उभा राहिला, त्यामुळे बाहेर उघडणारं दार अडलं. आत इस्त्री तापलेली होती. बाहेर गॅसचा नळ मुळाशी पिचला होता आणि त्याचा कॉक लाकडी पेटीत होता. ती पेटी चारी बाजूंनी स्क्रूने बंद होती. (नियम चौदा: गॅसचे मीटर दृष्टीआड असावेत.)

“इस्त्रीला हात लावू नका,” व्हर्नाबाई खिडकीतून म्हणाल्या. तीस वर्षं बसमधल्या पोरांना गप्प करणारा तो आवाज होता. “प्लग काढू नका, बटण दाबू नका. खिडकीतून पाय बाहेर काढा.”

“मी पायजम्यावर आहे,” स्ट्राउड म्हणाले.

“पायजमा पेटतो, मिस्टर स्ट्राउड.”

स्ट्राउड खिडकीतून निघाले. बाईंनी त्यांच्या काखांत हात घालून त्यांना उतरवलं. अंग पिसासारखं हलकं होतं. तोवर डेल्फिनोने हातोड्याने पेटी फोडली, पाना लावून कॉक फिरवला. वास हळूहळू विरला. रस्त्याच्या कडेला तिघंही बसून राहिले. स्ट्राउड यांनी बाईंचा हात सोडला नव्हता. बाई त्यांना म्हणाल्या नाहीत की मी सांगत होते. त्यांना हार्लनची आठवण येत होती, आणि त्याच्यावर रागावायचं त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा ठरवलं होतं.

सुदैवाने कोणी दगावलं नाही. पंधरा दिवसांनी समितीची सभा भरली. स्ट्राउड यांनी व्हर्नाबाईंवरची नोटीस मागे घेण्याचा ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला. त्यानंतर त्याच गांभीर्याने इतर विषय झाले. बारा नंबरचं घर शेजाऱ्यांपेक्षा बावीस इंच उंच दिसत असल्याबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. फोडलेल्या पेटीची भरपाई माफ करण्यात आली. मग आधारांचा प्रश्न निघाला. डेल्फिनोने नावं लिहायला वही ठेवली तेव्हा एकेचाळीस जणांनी सह्या केल्या. क्रेन लवकर येणार होती, आणि घरं आहेत त्याच ठोकळ्यांवर परत ठेवली तर आठवड्यात राहायला जाता येणार होतं. आधार बसवायचे तर महिनाभर एखाद्या भाचीकडे राहावं लागलं असतं. जूनमध्ये सह्या एकवीस राहिल्या. सप्टेंबरात दोन. भूकंप आत्ताच होऊन गेला, एवढ्यात कशाला येतो, हा मुद्दा बिनतोड होता. नव्या झालरी मात्र सगळ्यांनी तातडीने लावल्या.

दोन सह्यांपैकी एक स्ट्राउड यांची होती. अध्यक्षपदावरून ते त्यानंतरच्या निवडणुकीत पडले.

ऑलिव्ह नोलच्या या मंडळींचं आपल्याला हसू आलं असेल, तर ते स्वाभाविक आहे. आपलं घर ज्यावर उभं आहे ते आपण शेवटचं कधी पाहिलं, असा प्रश्न या ठिकाणी विचारण्याची प्रथा आहे. पण आपण आत्ता आरामात बसला आहात, म्हणून तो विचारत नाही. तरीही तो ज्यांच्या मनात आला, आणि पाठोपाठ ‘या सोमवारी बघू’ असंही आलं, त्यांना समितीचे सभासद समजण्यात येईल. वेगळा अर्ज करण्याची आवश्यकता नाही.