मागच्या सीटवरची दुभाषी

मला दोन भाषा इतक्या फाडफाड येतात, की मी स्वतःशी भांडले तरी दोन्हीकडून जिंकते! घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की इथली भाषा. त्यातून नुकताच मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर पटकावला होता, आणि तोही इथल्या भाषेत! तेव्हापासून माझी मान अशी काही वर राहायला लागली, की बाबा म्हणाले, "अधूनमधून खाली बघत जा गं, जिन्यावरून पडशील."

आईचं मात्र उलटं. तिकडे, आपल्या देशात, ती मोठ्या दवाखान्यात नर्स होती, डॉक्टरसुद्धा तिला जरा दबकून असत. इथं आल्यावर तिच्या पदरात तीनच वाक्यं पडली. 'नमस्कार', 'किती झाले?' आणि 'पिशवी नको'. दुकानात ती बोलायला लागली की ती आमची आई वाटायचीच नाही! कुणीतरी गरीब स्वभावाची, हळू आवाजातली बाई वाटायची. घरी येऊन चपला काढता काढता माझ्यावर खेकसली, की माझा जीव भांड्यात पडायचा. आली आई परत!

अशा या आईला नोकरी चालून आली. आपल्याकडची जी म्हातारी माणसं इथं मुलांकडे राहतात, त्यांच्या घरी जाऊन इंजेक्शनं द्यायची, मलमपट्टी करायची. दुखतंय कुठं ते ऐकून घ्यायला त्यांना आपल्या भाषेतलीच नर्स हवी होती. आई तर आनंदानं स्वयंपाकघरात दोनदा गोल फिरली. अट एकच. स्वतः गाडी चालवत जायचं, आणि महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखवायचं. नाहीतर नोकरी दुसरीला!

गाडी शिकवणारे मास्तर बोलणार त्यांच्या भाषेत, आईला कळणार तिच्या भाषेत. मग मधे कोण? अर्थात मी!

"आई, तू काळजीच करू नकोस," मी म्हणाले, "मी मागं बसते. मास्तर मराठीतच बोलतायत असं वाटेल तुला!"

"तुला गाडीतलं काय कळतं?" आई म्हणाली.

"भाषा कळते ना! बास झालं की!"

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "क्लच हळूहळू सोडा." मी पुढं वाकून आईला सांगितलं, "आई, पिसाऱ्यावरून हात फिरवावा, तितक्या अलगद तुझा डावा पाय..." तोपर्यंत गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

खरा घोळ पुढंच होता. मास्तर होते चढ्या आवाजाचे. साधं "आरशात बघा" म्हणाले, तरी कुठंतरी आग लागली असं वाटावं! आई वैतागली.

"या माणसाला सांग, मी शिकायला आलेय, बहिरी नाही!"

आता हे कसं सांगणार? मी सुसंस्कृत मुलगी आहे! मी म्हणाले, "मास्तर, आई म्हणतेय की तुमचं बोलणं तिला अगदी स्पष्ट ऐकू येतं."

मास्तर खूश! त्यांनी आवाज आणखी चढवला.

थोड्या वेळानं तेच मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, नुसतं बॉनेटकडे काय बघते? रस्ता पुढं असतो!"

हेही आईला असं तोंडावर कसं सांगायचं? आधीच तिला घाम फुटलेला. मी म्हणाले, "आई, मास्तर म्हणतायत तुझी एकाग्रता फार छान आहे."

आईनं दुप्पट जोमानं बॉनेटकडे बघायला सुरुवात केली! एक ओरडतोय, एक बॉनेट न्याहाळतेय, आणि मी मागं बसून दोघांनाही शाबासक्या वाटतेय. सगळं कसं गोडीगुलाबीनं चाललं होतं!

मग आला तो गोल चौक.

"दुसऱ्या रस्त्यानं बाहेर पडा," मास्तर गरजले.

"आई, आता या वर्तुळातून जे मार्ग फुटतात, त्यांपैकी पहिला सोडून जो..."

"कुठला गं?"

"गेला तो!"

पुन्हा फेरी. पुन्हा मास्तर, पुन्हा मी, पुन्हा रस्ता गेला. चौकातल्या बाकावर एक आजोबा बसले होते. पहिल्यांदा त्यांनी आमच्याकडे नुसतं बघितलं, मग हात हलवला, आणि शेवटी आम्ही दिसलो की ते उभेच राहायला लागले.

"एका शब्दात सांग ना, कार्टे!" आई ओरडली.

"ती काय म्हणते?" मास्तर ओरडले.

"आई म्हणतेय, चौक फार प्रशस्त आहे!"

"आता! आता वळवा!"

या वेळी मी खरोखरच एका शब्दात सांगितलं. "वळ!" आई वळली. पण तो रस्ता नव्हताच! ती पेट्रोल पंपाची वाट होती. मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला, गाडी गचकन् थांबली. इतकी सरळ, इतकी अचूक, की यंत्रावरच्या माणसानं 'झकास' म्हणून अंगठा वर केला आणि बटण दाबलं. कारण आम्ही उभे होतो गाड्या धुण्याच्या यंत्राच्या बरोब्बर मध्यभागी! आणि चारही काचा खाली!

अस्वलासारखे केसाळ, फिरणारे ब्रश दोन्ही बाजूंनी चालून आले. फेसाचा पहिला सपकारा माझ्याच तोंडावर बसला.

"काच! काच वर करा हो मास्तर! तुमच्या बाजूची!" आई ओरडली, तिच्या घरच्या, खणखणीत आवाजात.

मी कर्तव्य सोडलं नाही. फेस गिळत गिळत सुरुवात केली, "मास्तर, आईचं म्हणणं असं आहे, की आपल्या डावीकडील..."

पण मास्तरांनी काच वर केलीसुद्धा! मग ते आईला त्यांच्या भाषेत म्हणाले, "मागच्या, मागच्या!" आणि आईनं मागच्या काचांचं बटण दाबलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भुवयांवर फेस, नाकावर फेस! मास्तर फसकन् हसले. आई तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसली.

मी एकटीच वाक्य पूर्ण करत होते.

बाहेर आल्यावर मास्तर रुमाल पिळत मला म्हणाले, "उद्यापासून तू घरी अभ्यास कर."

"काय म्हणाले गं?" आईनं विचारलं.

"म्हणाले, माझी फार मदत झाली."

आईनं आरशातून माझ्याकडे बघितलं. "हो का? तोंड तर तसं नव्हतं त्यांचं."

दुसऱ्या दिवसापासून आई एकटी जायला लागली. मी बाबांना स्पष्ट सांगितलं होतं, की ही आता थेट शेजारच्या देशातच पोचणार! पण ती वेळेवर घरी यायची, आणि वर बातम्याही आणायची.

"मास्तरांची सून बाळंत झाली. मुलगी झाली."

"तुला कसं कळलं?"

"सांगितलं की त्यांनी."

"पण कुठल्या भाषेत?"

"सिग्नल लाल होता तेव्हा," आई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

परीक्षेच्या दिवशी दुभाषी न्यायची परवानगी असते हे मी शोधून काढलं. वक्तृत्वाला घातलेला कोट घालून मी गाडीचं मागचं दार उघडणार, तेवढ्यात परीक्षकबाईंनी आईला विचारलं, "ही सोबत येणार?"

आई म्हणाली, इथल्या भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांत, पण माझ्यावर खेकसते ना, अगदी त्या आवाजात, "मुलगी बाहेर! मी ऐकते. मी बोलते."

मी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही भाषांत गप्प बसले.

अर्ध्या तासानं गाडी परत आली ती कडेला दोन रेघांच्या मधोमध उभी राहिली. आई उतरली. हातात कागद, डोळ्यांत पाणी. "झाले गं पास! सोमवारपासून कामावर!" मी तिला अशी मिठी मारली की कोटाचं बटण तुटलं. परीक्षकबाईंनाही आईनं काहीतरी सांगितलं. त्या हसल्या. काय सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही!

आता बाबांनाही गाडी शिकायची हुक्की आली. त्यांनी मास्तरांना फोन लावला, पण बाबांची इथली भाषा अजून कच्ची! मी पटकन् फोन हिसकावला, स्पीकर लावला आणि सुरू केलं, "नमस्कार मास्तर! बाबांनाही शिकायचंय. तर दुभाषी म्हणून मी पुन्हा मागच्या सीटवर..."

पलीकडून स्वच्छ, शुद्ध मराठीत उत्तर आलं, "नको गं बाई! नको, नको, नको!"

बाबांना भाषांतर सांगायची वेळच आली नाही.