प्रेशर फक्त कुकरमा ऱ्हास

आमच्या शाळेच्या मैदानावर एका सकाळी बँडवाले आले. लग्न कुणाचंच नव्हतं. आमचे क्रीडाशिक्षक प्रल्हाद नाना यांनी त्यांना बोलावलं होतं, नववीतल्या वैशालीच्या कानाशी ट्रम्पेट वाजवायला.

शाळा पारोळ्याची, नाना मूळचे दोंडाईच्याचे. पारोळ्यात मुलींचा बेसबॉल संघ काढणारा माणूस किती व्यवहारी असेल, हे मी वेगळं सांगायला नको. "नाना तरुणपणी पिचर होते," असं कुणी सांगितलं की लोक आदरानं विचारायचे, "कोणत्या पिच्चरमध्ये?"

पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. फलंदाजासमोर गुडघ्यापासून छातीपर्यंत हवेत एक न दिसणारी चौकट असते. चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. चार बॉल झाले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर; तिन्ही बेस पार करून परतला की एक धाव. एकटी असली की वैशालीचा चेंडू कधी चौकट सोडायचा नाही. बघायला चार माणसं जमली, की तोच चेंडू थेट मुख्याध्यापकांच्या स्कूटरकडे निघायचा.

यावर नानांचं त्यांच्या अहिराणीत एकच निदान : "प्रेशर फक्त कुकरमा ऱ्हास. माणूसमा नही!" आणि उपचारही एकच, गोंधळ. ती चेंडू टाकत असताना ते ताट बडवत, तिचे गणिताचे गुण मोठ्यानं वाचत. गणित मी शिकवते, त्यामुळे जाता जाता माझीही अब्रू निघे.

"नाना, निदान माझा विषय तरी सोडा."

"मॅडम, सर्वात भयानक तोच शे."

बँडच्या दिवशी शाळेत एकही तास झाला नाही. वैशाली मात्र त्या दणदणाटात स्ट्राइकमागून स्ट्राइक टाकत राहिली. नाना आठवडाभर असे फिरले, जणू भीती नावाचा रोग त्यांनी जिल्ह्यातून हद्दपार केला होता.

शालेय स्पर्धेचा अंतिम सामना धुळ्याला होता. मुलींसोबत शिक्षिका हवी म्हणून मीही गेले. शेवटचा डाव, आम्ही दोन धावांनी पुढे, आता एकच गडी बाद करायचा. आणि मैदानावर संपूर्ण शांतता. प्रेक्षकांना खेळ कळत नव्हता, त्यामुळे बिचारे सभ्यपणे गप्प बसले होते. नेमका या एका संकटाचा सराव नानांनी करून घेतला नव्हता.

बॉल. बॉल. बॉल. बॉल. एक मुलगी फुकटात गेली, मग दुसरी, तिसरी. तिन्ही बेस भरले. चौथीही तशीच गेली आणि समोरच्या संघाला बॅट न हलवता एक धाव मिळाली. वैशालीनं आमच्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक.

नानांनी पंचांकडे वेळ मागितला आणि पोट सांभाळत पळत सुटले. पाण्याची बाटली घेऊन मी मागे. म्हटलं, आता पोरीला कुकरचं व्याख्यान ऐकावं लागणार. पण तिच्यासमोर पोचल्यावर नाना हळूच म्हणाले, "बेटा, माले बी भ्याव वाटस."

वैशाली त्यांच्याकडे बघतच राहिली. मग फिसकन हसली. "नाना, आधी तुम्ही पाणी प्या."

पुढचा चेंडू स्ट्राइक. त्यानंतरचा चौकटीच्या मधोमध. इतका मधोमध, की समोरच्या मुलीनं तो कुंपणापर्यंत टोलावला. दोन धावा निघाल्या आणि आम्ही हरलो. नाना टाळ्या वाजवत होते. आमच्या बाजूला टाळ्या वाजवणारे ते एकटेच.

परतीच्या जीपमध्ये मुलींचं रडून झालं, गाणी सुरू झाली. मी नानांना चिडवलं, "केवढ्या घाईनं पळालात! पंचांनी वेळ दिला होता की."

नाना हसले नाहीत.

"कॉलेजला असताना माझा हात असाच बिघडला होता, मॅडम. एकामागून एक फुकट सोडत गेलो. कोच, दोस्त, बठ्ठा संघ बेंचवरच. कुणीतरी माझ्याजवळ येईल म्हणून मी सारखा त्यांच्याकडे बघत होतो." मग खाली बघून म्हणाले, "कोनी उनं नही."