नियंत्रणाबाहेरची परिस्थिती

बायकोला अभ्यासात मदत करायची, असं मी ठरवलं तेव्हा घरात कुणीही मला अडवलं नाही. (घरात आम्ही दोघंच असतो. आणि जिला मदत करायची होती, तिला मी ते सांगितलं नव्हतं.)

मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पदव्या तीन, शेवटची डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय 'अनिश्चिततेचं मोजमाप'. त्यासाठी मला फार लांब जावं लागलं नसणार, असं आमच्या हिचं म्हणणं. बाहेर पडताना कुलूप नीट लागलंय ना, हे ओढून पाहायला मी जिन्यावरून परत परत वर जातो आणि तरी रस्ताभर मला चुटपुट लागून राहते.

तिन्ही पदव्या बैठकीच्या भिंतीवर ओळीने टांगल्या आहेत. त्यांच्या शेजारी एक रिकामा खिळा आहे. तो हिने ठोकला. लग्नामुळे सुटलेलं कॉलेज साठी उलटल्यावर तिने पुन्हा धरलं, त्या दिवशी.

कॉलेजने तिला प्रौढ विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती दिली. सगळी फी माफ. अट एकच: जेवढे विषय घ्याल, त्यातले शेकडा सत्तर तरी पास झाले पाहिजेत. नाहीतर शिष्यवृत्ती बंद.

"बंद झाली तर मी भरीन की फी," मी म्हणालो.

"तुम्ही भरलीत तर ती तुमची चौथी पदवी होईल," ही म्हणाली. "मला माझी पहिली हवीय. शिष्यवृत्ती गेली तर मी कॉलेज सोडणार."

पहिल्या सत्रात तिने तीन विषय घेतले. दोन पास झाले, एक राहिला. कॉलेजने ताकीद दिली. (तो विषय राहण्यामागे चष्म्याचं एक छोटंसं प्रकरण आहे. त्याचा इथे काही संबंध नाही.)

दुसऱ्या सत्रातही तीन विषय होते आणि त्यातला एक चक्क संख्याशास्त्र! माझी छाती फुगली. पण हिने मला एक अवाक्षर विचारलं नाही. तिला 'मावशी' म्हणणाऱ्या वर्गातल्या मुलींबरोबर ती अभ्यास करायची. शेवटी मीच एक सराव पेपर काढून तिच्यापुढे ठेवला. तिला शंभरात अकरा गुण पडले.

"अहो, हा पेपर काढलात तरी कुणासाठी?" तिने विचारलं.

"सोपाच तर आहे."

(पुढे केव्हातरी तो मी स्वतः सोडवून पाहिला. मला अडतीस पडले.)

त्या अकरा गुणांनी माझ्या तोंडची चव गेली. ही पुन्हा नापास झाली तर? शिष्यवृत्ती गेली तर? खिळा तसाच राहिला तर? तशात कॉलेजच्या संकेतस्थळावर मला दिसलं की, झेपत नसलेला विषय मध्येच सोडता येतो आणि त्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपत होती. ही वर्गात होती. फोन बंद. मी हिशेब मांडला: संख्याशास्त्र सोडलं की उरले दोन विषय. दोन्ही पास. दोनपैकी दोन, म्हणजे शंभर टक्के! तिचा पासवर्ड मला पाठ होता, कारण तो मीच ठेवून दिला होता.

बटण दाबल्यावर पडद्यावर प्रश्न आला: 'तुमची खात्री आहे का?'

मला कुणी खात्री विचारली की माझं उत्तर 'तसं म्हणता येईल, पण' असं सुरू होतं. लग्नाला होकार देतानाही मी 'उपलब्ध माहितीवरून' हे शब्द घातले होते. इथे मात्र 'पण'ला जागाच नव्हती. 'हो' आणि 'नाही' अशी दोनच बटणं. आयुष्यात पहिल्यांदा मी ठामपणे 'हो' म्हणालो. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! खात्रीने वागणाऱ्या माणसांना रोज असंच वाटत असेल काय?

संध्याकाळी ही आली ती गुणगुणतच.

"अहो, संख्याशास्त्राच्या चाचणीत पंचाहत्तर पडले!"

"कि... किती?"

"पंचाहत्तर. आता मुलींनाही मीच समजावून देते. आणि तुमचा चेहरा असा का झालाय?"

मी सांगितलं. प्रस्तावना, पार्श्वभूमी, दोन उदाहरणं आणि मग बटण.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे दोनपैकी दोन, असा तुमचा हिशेब?"

"शंभर टक्के!"

"अहो, सोडलेला विषयही घेतलेल्यांतच मोजतात. नियमात लिहिलंय तसं. मागचे तीन आणि हे तीन, असे सहा घेतले. मागचे दोन पास, आता झाले तर दोन होतील. सहापैकी चार."

"म्हणजे... सत्तरच्या खाली," मी पुटपुटलो.

"तुम्ही अंश बघितलात आणि छेद विसरलात."

संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने छेद विसरणं म्हणजे शिंप्याने माप न घेता कापड फाडणं. या एका चुकीपायी मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना नापास केलं होतं! हिने खिळ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. भांड्यांची आदळआपट नाही, काही नाही. एखादं पातेलं जरी आपटलं असतं, तरी मला केवढा धीर आला असता!

सत्र संपलं, उरलेले दोन विषय ती पास झाली आणि शिष्यवृत्ती बंद झाल्याचं कळलं. एकच दार उघडं होतं: अपील. ते ऐकायला शिष्यवृत्ती कार्यालयातल्या एक बाई होत्या. हिने मला बरोबर नेलं. आधार म्हणून नेत असेल, असं मला वाटलं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "प्रगती कमी पडली ती तुमच्या नियंत्रणाबाहेरच्या, अनपेक्षित परिस्थितीमुळे, हे मला पटलं पाहिजे. मोठं आजारपण, अपघात, एखादी आपत्ती. तुमच्या बाबतीत काय?"

"हे," ही म्हणाली.

"हे म्हणजे?"

"हे. माझ्या शेजारी बसलेत ते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नमस्कार केला. (आपत्तीने नमस्कार करायचा असतो की नाही, मला अजून ठाऊक नाही.)

"आजारी असतात का?"

"छे हो, चांगले ठणठणीत आहेत. तीच तर पंचाईत आहे."

मग हिने बटणाची हकिगत सांगितली.

"बरं. पण पहिल्या सत्रातही एक विषय राहिलाय. तो?"

"तेव्हाही हेच. परीक्षेला जाताना माझी बॅग ह्यांनी भरून दिली आणि चष्म्याच्या पेटीत स्वतःचा चष्मा घातला. अख्खा पेपर मी धुक्यात लिहिला."

"दोन्ही चष्म्यांच्या काड्या तपकिरी आहेत," मी खुलासा केला. "त्यामुळे एका दृष्टीने पाहिलं तर..."

"अहो, गप्प बसा."

"आपत्ती नेहमी बोलते का?" बाईंनी विचारलं.

"अखंड."

"आणि कधीपासूनची आहे?"

"लग्न झाल्यापासून. एक्केचाळीस वर्षं."

"मग या आपत्तीला अनपेक्षित कसं म्हणायचं?"

"बाई, एक्केचाळीस वर्षं झाली, पण दर वेळी अनपेक्षितच असते."

बाईंनी तोंडाला रुमाल लावला आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. ठसका लागला असेल म्हणून मी लगबगीने पाण्याचा ग्लास पुढे केला. (फार नाही सांडलं. दोन-तीनच फायली.)

टेबल पुसून झाल्यावर बाई म्हणाल्या, "हे पुन्हा होणार नाही, असा काय बदल केलात? परिस्थिती तर अजून इथेच बसलीय."

"पासवर्ड बदलला. अभ्यास कॉलेजच्या वाचनालयात करते. माझ्या बॅगेला ह्यांनी हात लावायचा नाही आणि कॉलेजच्या आवारात पाऊल टाकायचं नाही."

"पाळाल?" बाईंनी मला विचारलं.

"मनुष्यस्वभाव लक्षात घेता बहुतांशी..."

"हो की नाही?"

"हो."

"एक सत्र देते," बाई हिला म्हणाल्या. "या वेळी तिन्ही विषय पास व्हायला हवेत. एक जरी राहिला तरी शिष्यवृत्ती कायमची बंद."

ते सत्र मी कसं काढलं, ते माझं मला माहीत. हिची बॅग खुंटीवर दिसली की मी दोन्ही हात पाठीमागे बांधून पलीकडून जायचो.

पुन्हा घेतलेल्या संख्याशास्त्राच्या पेपरच्या सकाळी ही निघून गेली आणि मी वर्तमानपत्र उघडलं. अक्षरं पुसट. जवळ धरलं, पुसट. लांब धरलं, पुसट. सकाळी दोन्ही चष्मे टेबलावर शेजारी शेजारी होते! माझ्या नाकावर हिचा चष्मा, आणि ही तिकडे पुन्हा धुक्यात! या वेळी कुणी विचारलंसुद्धा नाही, तरी माझी खात्री झाली. मी तसाच धावलो.

धुक्यातून वाट काढत मी आधी रसायनशास्त्राच्या इमारतीत शिरलो. तिथून हाकललं गेल्यावर योग्य इमारत सापडली, आणि परीक्षेच्या दालनाबाहेर नेमक्या त्याच बाई उभ्या!

"तुम्ही? आवारात?"

"चष्मा!" मी धापा टाकत म्हणालो. "तिचा माझ्याकडे आलाय! तिला काही दिसत नसेल! आत जाऊ द्या!"

इतक्यात घंटा झाली. ही मुलींशी हसत बाहेर आली आणि मला पाहताच तिचं हसू मावळलं.

"अहो, काय झालं? कुणाला काही झालंय का?"

"तुझा चष्मा!" मी तो नाकावरून काढून तिच्या हातात ठेवला.

तिने तो उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"अहो," ती म्हणाली, "हा तुमचाच आहे. दाढी करताना चढवला होतात ना? काचांवर साबण वाळलाय."

तिने रुमालाने काचा पुसून चष्मा माझ्या नाकावर बसवला. जग एकदम लख्ख झालं. त्या लख्ख जगात सगळ्यांत आधी मला बाई दिसल्या. मी अट मोडली होती.

बाई मात्र हिच्याकडे वळल्या. "अपील मंजूर केलं तेव्हा मनात जरा शंका होती हं माझ्या. वाटलं, स्वतःचं अपयश बिचाऱ्या नवऱ्यावर ढकलताय. माफ करा मला. आता शंका राहिली नाही."

(ही तिन्ही विषयांत पास झाली आणि शिष्यवृत्ती टिकली, हे इथेच सांगून टाकतो. पुढे चांगलं सांगण्यासारखं काही नाही.)

आम्ही घरी निघालो. ही खुशीत होती.

"छेदावर एक प्रश्न होता," ती म्हणाली. "तुमचीच आठवण आली."

मला जरा बरं वाटलं. थोडं चालून गेल्यावर तिने सहज विचारलं, "निघताना कुलूप लावलंत ना?"

"तसं म्हणता येईल," मी सुरुवात केली, "पण..."

पुढचं ऐकायला ती शेजारी नव्हती. घराच्या दिशेने पळत सुटली होती.