शेलारभाऊंची रोजची एक ओळ

शेलारभाऊ कंपनीतून आले की हातपाय धुवायचे, खाटेवर बसायचे आणि लोकरीची एक ओळ विणायचे. एकच. दुसरी विणा म्हणून कुणी पाया पडलं असतं तरी त्यांनी विणली नसती. पहिली शिफ्ट असली की पिवळी ओळ, दुसरीला निळी, तिसरीला काळी, सुट्टीला पांढरी. ओव्हरटाइम झाला तर दोन रंग एकत्र. सात वर्षांत वीतभर रुंदीची ही पट्टी त्यांच्या दारापासून आमच्या काळेवाडीच्या चाळीच्या नळापर्यंत पोचेल एवढी झाली होती. चाळीत तिला शेलारांची शेपटी म्हणत. मीही म्हणायचो.

"याचं पुढं काय होणार?" मी नवा होतो तेव्हा विचारलं होतं.

"हुयाचं काय त्यात? झालेलंच हाय. ही बघा गेली दिवाळी," म्हणून त्यांनी चार पांढऱ्या ओळी दाखवल्या. "अन् ह्या निळीला तुमी ऱ्हायला आलात."

कंपनीत ते माल तपासायचे. केसभर फरक दिसला की नापास. खिशात जाडी मोजायचा स्वतःचा व्हर्नियर असायचा. एकदा जेवायला बोलावलं तर त्यांनी आमच्या हिच्या चपातीची जाडी दोन ठिकाणी मोजली आणि "पास" म्हणून मगच घास मोडला. ही आठवडाभर धुसफुसत होती.

चाळीतल्या बायका मफलर मागायच्या. "कपडं दुकानात मिळत्यात, वहिनी. दिवस न्हाई मिळत." बरं, मग ही पट्टी संपवणार कधी? त्यावर उत्तर ठरलेलं, "काम चालू हाय."

आम्हाला मुलगी झाली त्या थंडीत शेलारभाऊ पुतणीच्या लग्नाला आठ दिवस चाकणजवळच्या गावी निघाले. खोलीत उंदीर झालेले, म्हणून पट्टीची पिशवी माझ्या हातात दिली. "जपा, राव. आठ पांढऱ्या आल्यावर विणीन." मी ती स्वयंपाकघरात खुंटीला अडकवली आणि हिला सांगायचं साफ विसरलो.

तान्ह्याला आधी जुनंच घालायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे रोज कुणीतरी जुनं लुगडं नाहीतर उसवायला जुना स्वेटर आणून देत होतं. हिला वाटलं, शेलारभाऊंनीही पाठवलं. तिनं चार दुपारींत सात वर्षं उसवली.

मला कळलं तेव्हा मुलीच्या अंगात पिवळा-निळा-काळा स्वेटर होता आणि उरलेली लोकर टोपलीत.

"अगं, त्यांचं सगळं होतं ते."

"मला वाटलं, आपल्यासाठीच," ती रडवेली झाली. "अगदी आतल्या टोकाला गुलाबी काठ होता, तान्ह्याच्याच मापाचा. इतका सुबक, की उसववेना. तो पाठीला ठेवला आणि तिथूनच वर विणत गेले."

पट्टीची गुंडाळी शेवटपर्यंत सोडलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

शेलारभाऊ परतले तसं मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि पाठीवरचा गुलाबी काठ अंगठ्यानं चाचपत राहिले.

"ह्यो काठ आमच्या मंडळींचा," शेवटी म्हणाले. "बाळासाठी घातला हुता. बाळंतपणात दोघं बी गेली. टाके सुईवर तसंच हुतं. काढवंना, म्हणून मी पुढं विणत ऱ्हायलो. उलट-सुलट तिनंच शिकवलं हुतं, गमतीनं."

शेपटी म्हणून हसलो होतो, त्याची मला फार लाज वाटली. ही पदर तोंडाला लावून उभी होती.

शेलारभाऊंनी व्हर्नियर काढला. दोन्ही बाह्यांचे काठ मोजले. "पास," म्हणाले. मग टोपलीतल्या सुया उचलल्या. आता पुन्हा पहिल्या ओळीपासून, असं मला वाटलं. पण त्यांनी त्या हिच्यापुढे धरल्या.

"वहिनी, शेवटाला टाके बंद कसं करत्यात? तेवढं शिकवायचं ऱ्हायलं तिचं."